नोकरी देणाऱ्याला काय हवे असते, आणि आपली मुले कुठे आहेत?



निकालाची गर्दी ओसरली की शाळेच्या कार्यालयात वेगळ्या मंडळींची ये-जा सुरू होते. चार-पाच वर्षांपूर्वी आपल्याकडून बारावी झालेली मुलेमुली येतात. कुणाला जुनी गुणपत्रिका हवी असते, कुणाला चारित्र्याचा दाखला. बसल्या-बसल्या विषय निघतो आणि बहुतेकांचे म्हणणे एकच असते : "सर, लेखी तर निघून जाते, पुढे बोलण्यात अडकतं." पालकांनी यातून एक निष्कर्ष काढला आहे. मुलांचे इंग्रजी कच्चे आहे, म्हणून मराठीच्या तासिका कमी करून त्या वेळेत बाहेरच्या एखाद्या संस्थेचा 'स्पोकन इंग्लिश'चा वर्ग लावावा. गेल्या पालक-सभेत ही मागणी झाली, आणि विश्वस्त मंडळाने आमचे मत मागितले आहे.

आमचे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. इंग्रजीची धास्ती काय असते हे आम्हाला कुणी सांगायला नको. तरीही औषध आणण्याआधी दुखणे कोणते ते पाहावे, असे आम्हाला वाटते. नोकरीच्या जाहिरातीत 'उत्तम संवादकौशल्य आवश्यक' असे छापलेले असते. त्या तीन शब्दांत नक्की काय मागितले आहे, आणि त्यातले आपल्या मुलांकडे किती आहे, हे आधी मोजू या.

पहिली गोष्ट अशी की 'संवादकौशल्य' ही एक वस्तू नाही. युरोपच्या परिषदेने २००१ साली भाषा मोजण्याची एक चौकट प्रसिद्ध केली. तिच्यात ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत आणि आज जगभर भाषेच्या परीक्षा तिच्याशी जोडून दाखवतात. आम्हाला त्यातली मोलाची गोष्ट पायऱ्यांची नाही, कप्प्यांची वाटते. स्वतःला तपासण्याच्या तक्त्यात पाच कप्पे वेगळे ठेवले आहेत : ऐकणे, वाचणे, समोरच्याशी बोलणे, एकट्याने सलग बोलणे, आणि लिहिणे. एकच माणूस वाचनात चौथ्या पायरीवर आणि समोरासमोरच्या बोलण्यात दुसऱ्या पायरीवर असू शकतो. आपल्या बहुतेक मुलांचे चित्र नेमके असेच आहे. इंग्रजीचा धडा वाचून प्रश्नोत्तरे लिहिणारा मुलगा 'बस किती वाजता सुटेल' हे विचारताना अडखळतो. त्याला 'तुझे इंग्रजी कच्चे आहे' असे सांगितले तर तो पुन्हा व्याकरणाचे पुस्तक उघडून बसतो, म्हणजे जे येते तेच पुन्हा घोकतो.

ही चौकट इंग्रजीपुरती नाही हेही ध्यानात घ्यावे. तीच मराठीला आणि हिंदीला लावून पाहिली तर काही घरांत आश्चर्याचे धक्के बसतील. आपल्या इंदूरच्या मुलांचे मराठी ऐकण्यात पक्के, बोलण्यात बरे, लिहिण्यात लंगडे असते. हिंदी बोलण्यात झकास, पण अर्ज लिहायला बसवले की 'सविनय निवेदन है कि' याच्या पुढे गाडी हलत नाही.

दुसरी गोष्ट उच्चारांची. पालकांची सगळ्यात मोठी काळजी हीच असते, आणि आमच्या मते ती सगळ्यात अनाठायी आहे. ज्या कामात बोलण्यातली एक चूक शेकडो जीव घेऊ शकते, तिथे काय मागतात ते पाहा. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वैमानिकांना आणि विमानतळावरून त्यांना सूचना देणाऱ्या नियंत्रकांना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात सहा पायऱ्या आहेत आणि चौथी पायरी गाठली की काम करण्यास हरकत नसते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि देवाणघेवाण अशा सहा बाबी तपासतात, आणि चौथ्या पायरीला उच्चारांवर मातृभाषेची छाप चालते. अट इतकीच की तिच्यामुळे समजण्यात फक्त कधी कधीच अडथळा यावा. विमान उडवायला मराठी वळणाचे इंग्रजी चालते, मग पीथमपूरच्या कारखान्यात किंवा विजयनगरच्या कार्यालयात ते का चालू नये? नियम इतका साधा आहे : समोरच्याला पहिल्यांदा कळले की उच्चार पास.

मात्र त्याच परीक्षेतल्या आकलन आणि देवाणघेवाण या दोन बाबींकडे आपण कुणीच लक्ष देत नाही, आणि खरी मेख तिथे आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची टक्कर झाली आणि ५८३ माणसे दगावली. विमानवाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात इतके मृत्यू दुसरीकडे कुठेही झालेले नाहीत. कारणे अनेक होती, पण मधोमध एक संवाद होता. वैमानिकाकडून आलेले वाक्य 'आम्ही उड्डाणाच्या जागी आहोत' असेही ऐकता येत होते आणि 'आम्ही उड्डाण करीत आहोत' असेही. नियंत्रकाच्या उत्तराची सुरुवात 'ओके' अशी होती. पुढचे शब्द दुसऱ्या विमानाचा संदेश त्याच क्षणी आल्यामुळे शिट्टीसारख्या आवाजात बुडाले. दोन्ही बाजूंना इंग्रजी येत होते. त्यानंतर नियम कडक झाले. उड्डाणासाठीचा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, आणि सूचना मिळाली की नुसते 'ओके' न म्हणता तिचा मुख्य भाग परत म्हणून दाखवायचा.

हे 'परत म्हणून दाखवणे' नोकरी देणाऱ्यांना जितके हवे असते तितके क्वचितच दुसरे काही हवे असेल. आपल्या घरात मात्र ते जवळजवळ असभ्य समजले जाते. मोठ्यांनी काही सांगितले की मुलाने मान डोलवायची, उलट विचारायचे नाही. मुलगी नोकरीला लागते, साहेब काम सांगतात, ती 'हो सर' म्हणते आणि जागेवर येऊन शेजारणीला विचारते, 'काय म्हणाले गं?' कारखान्यांतल्या पर्यवेक्षकांशी आमचे बोलणे होते तेव्हा त्यांची तक्रार व्याकरणाची नसते. ते म्हणतात, मुले 'समजले' म्हणतात आणि समजलेले नसते.

आपल्या शहरात याला आणखी एक पदर आहे. मराठीत 'काल' आणि 'उद्या' वेगळे, हिंदीत दोन्हींना 'कल'. मराठीत 'परवा' आणि हिंदीत 'परसों' दोन्ही बाजूंना चालतात. घरी मराठी, दारी हिंदी, कार्यालयात इंग्रजी, अशा तीन भाषांतून निरोप फिरला की 'कल माल आया' आणि 'कल माल आएगा' यांच्यातला फरक फक्त क्रियापदावर उरतो, आणि फोनवर नेमके तेच गिळले जाते. आकड्यांचे तर विचारूच नका. एकोणऐंशी म्हणजे हिंदीत उन्यासी, पण एकोणनव्वद म्हणजे नवासी. आपल्या मुलांना सराफ्यात भाव ऐकतानाही इथे ठेच लागते. इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टी. म्हणून निरोप घेताना वाराबरोबर तारीख विचारावी आणि आकडा अंक सुटे करून परत म्हणावा, 'पाच-शून्य, पन्नास ना?' ही सवय लावायला कुठल्याही संस्थेचा वर्ग लागत नाही.

रुग्णालयांत पाळी बदलताना किंवा डॉक्टरांना फोन करताना परिचारिकांना एक ठराविक क्रम शिकवतात. अमेरिकी नौदलातून रुग्णालयांत आलेली ही पद्धत चार आद्याक्षरांनी, एसबीएआर म्हणून ओळखली जाते. आत्ता काय झाले आहे, मागची हकीकत काय, मला काय वाटते, आणि तुम्ही काय करावे असे मी सुचवते. 'सर, सात नंबरच्या पेशंटला धाप लागली आहे. काल ऑपरेशन झाले आहे. सकाळपेक्षा प्रकृती खालावल्यासारखी वाटते. आपण लगेच येऊन पाहावे.' चार वाक्यांत काम झाले. या क्रमात इंग्रजी कुठे आहे? मराठीत सांगा, हिंदीत सांगा, क्रम तोच राहील. आमच्या अनुभवाने मुलांना जड जाते ते चौथे वाक्य. समोरच्याकडून काय हवे आहे ते स्पष्ट सांगणे आपल्याकडे उद्धटपणाचे वाटते, म्हणून मूल हकीकत सांगून थांबते आणि ऐकणाऱ्याने ओळखावे अशी वाट पाहते.

लिहिण्यातही हेच घडते. शाळेत येणारे रजेचे अर्ज आम्ही रोज वाचतो. 'महोदय, सविनय निवेदन आहे की मी आपल्या शाळेची इयत्ता नववीची विद्यार्थिनी असून...' अशा तीन ओळी संपल्यावर कळते की बहिणीचे लग्न आहे, आणि कोणत्या तारखा ते शेवटी, कधी कधी नाहीच. हा हिंदी अर्जाचा साचा आपणच शिकवतो. परीक्षेत त्याला गुण मिळतात, म्हणून तो शिकवणे भाग आहे. पण कार्यालयातला ईमेल उलट बाजूने लिहायचा असतो : पहिल्या ओळीत काम, मग कारण, मग केव्हापर्यंत. 'मला १२ आणि १३ तारखेला रजा हवी आहे. बहिणीचे लग्न आहे. माझे बिलांचे काम ११ तारखेपर्यंत पूर्ण करून देईन.' टीसीएससारख्या मोठ्या कंपनीच्या भरती परीक्षेत काही वर्षे दिलेले शब्दप्रयोग वापरून छोटा ईमेल लिहिण्याचा प्रश्न असे, तो उगीच नव्हता. व्हॉट्सॲपवर अक्षरे खाऊन लिहिणारी मुले तिथे एकतर 'पीएलझेड' लिहीत किंवा एकदम 'सविनय निवेदन'वर जात. मधली भाषा त्यांना कुणी दाखवलीच नव्हती.

भरतीच्या वेळी प्रत्यक्षात काय तपासतात तेही थोडक्यात सांगतो. कॉल सेंटर आणि सॉफ्टवेअरच्या काही कंपन्या व्हर्संटसारखी यंत्राने तपासली जाणारी परीक्षा घेतात. त्यात ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणणे, उलटसुलट तुकडे ऐकून वाक्य जुळवणे, गोष्ट ऐकून ती आपल्या शब्दांत सांगणे असे प्रकार असतात. पाहा, तिन्ही ठिकाणी आधी कान आणि मग तोंड. गटचर्चेबद्दल आपल्या मुलांचा समज आहे की जो जोरात आणि जास्त बोलेल तो निवडला जाईल. प्रत्यक्षात परीक्षक हेही टिपत असतात की दुसऱ्याचा मुद्दा कुणी पकडला, गप्प बसलेल्याला कुणी बोलते केले. सेनादलाच्या अधिकारी निवडीचे एक केंद्र आपल्याजवळ भोपाळला आहे. तिथल्या पाच दिवसांच्या कसोटीत एक छोटे भाषण असते. चिठ्ठीवरच्या चार विषयांपैकी एक निवडायचा, तीन मिनिटे विचार करायचा आणि तीन मिनिटे गटासमोर बोलायचे. हा प्रकार आम्हाला फार आवडतो, कारण तो घरी करून पाहता येतो. त्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

सरकारी नोकरीचे गणित निराळे आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट-क आणि गट-ब अराजपत्रित पदांसाठी मुलाखत बंद केली, म्हणजे तिथे लेखी परीक्षाच निर्णायक. उलट संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ मुलाखतीचे आहेत, आणि ही मुलाखत मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेतून देता येते.

आता मराठीच्या तासिकांविषयी, कारण मागणीचा काटा तिथेच रुतला आहे. स्टेट बँकेत किंवा इतर सरकारी बँकांत लिपिक व्हायचे तर ज्या राज्यातल्या जागेसाठी अर्ज केला तिथली भाषा वाचता, लिहिता, बोलता आणि समजता यावी लागते. महाराष्ट्रातल्या जागांसाठी ती भाषा मराठी. स्टेट बँकेच्या नियमात दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेत ती भाषा विषय म्हणून दाखवता आली तर वेगळी भाषा-चाचणी द्यावी लागत नाही. म्हणजे आपल्या मुलांना मध्य प्रदेशातल्या जागा हिंदीच्या बळावर आणि महाराष्ट्रातल्या जागा मराठीच्या बळावर, अशी दोन दारे उघडी आहेत. ज्या कागदामुळे दुसरे दार उघडते, तोच कागद आपण आपल्या हाताने कोरा करायचा का, याचा विश्वस्तांनी विचार करावा. भावनेचा मुद्दा आम्ही इथे मुद्दाम मांडत नाही. तो आपण गणेशोत्सवात मांडतोच.

मग आपण कुठे आहोत हे मोजायचे कसे? स्वतःच स्वतःला विचारून हे कळत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील क्रूगर आणि डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या व्याकरण, तर्क वगैरे चाचण्या घेतल्या आणि 'तुमचा क्रमांक कुठे असेल' असे त्यांनाच विचारले. सर्वांत खालच्या गटातल्या मुलांचे स्थान शंभरात सरासरी बाराव्याच्या आसपास होते, पण त्यांना स्वतःला वाटत होते बासष्टावे. वरच्या गटातली मुले मात्र स्वतःला थोडे कमीच लेखत होती. म्हणून तपासणारा माणूस दुसरा हवा, आणि आमची विनंती आहे की तो आईवडिलांपैकी नसावा. आई कौतुक करते, वडील चिडतात, आणि दोन्हींचा मोजमापाला उपयोग नाही. मावशी, काका, वरच्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले आजोबा, असे कुणी चालेल.

एका रविवारी एवढे करावे. वर सांगितलेले तीन मिनिटांचे भाषण मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे. विषय साधा असावा, जसे 'आमच्या कॉलनीतील कचरागाडी'. स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरातल्या मुलाला यावर बोलता यायलाच हवे. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत बोलावे, आणि नंतर तिन्ही ऐकावीत. 'मतलब', 'वो क्या है कि', 'ॲक्च्युअली' किती वेळा आले ते मोजावे. पहिल्या अर्ध्या मिनिटात मुद्दा कळला का, आणि बोलणे नेमके कुठे संपले हे कळले का, ते पाहावे. आता महत्त्वाचे सांगतो. मराठीतले भाषणही भरकटत असेल तर अडचण इंग्रजीची नाही, मुद्दे लावण्याची आहे. तिथे 'स्पोकन इंग्लिश'चे पैसे वाया जातील. मराठी आणि हिंदी सरळ चालली आणि फक्त इंग्रजीच अडखळले, तर खरोखर इंग्रजी बोलण्याचा सराव हवा आणि तो वर्ग कामाचा आहे. हा फरक कळावा म्हणून तिन्ही भाषांत बोलायला सांगतो आहोत.

दुसऱ्या खोलीतून फोन करून मुलाला एक निरोप सांगावा. त्यात एक नाव, एक वार, दोन आकडे आणि एक काम असावे. मुलाने तो आपणहून परत म्हणून दाखवला का, तारीख विचारली का, आणि कागदावर काय उतरले, हे पाहावे. वर दिलेल्या रजेसारखा एक ईमेल पाच ओळींत लिहायला लावावा. शेवटी मुद्दाम अर्धवट काम सांगावे, 'ते जरा बघून ठेव' असे, आणि मूल प्रश्न विचारते की मान डोलवते ते पाहावे. यात न विचारणाऱ्याला शून्य, 'काय?' म्हणणाऱ्याला एक, आणि 'कोणते कागद, केव्हापर्यंत?' असे नेमके विचारणाऱ्याला तीन गुण द्यावेत. अशा प्रश्नावर रागवायचे नाही, हे मोठ्यांनी आधी ठरवून घ्यावे. नाहीतर चाचणीतून घराचीच परीक्षा होईल.

शाळेतर्फे हीच तपासणी नववी आणि अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी येत्या चार शनिवारी शेवटच्या दोन तासिकांत घेतली जाईल. तपासायला नोकरीत असलेले माजी विद्यार्थी येतील. पालकांपैकी बँक, रुग्णालय, कारखाना किंवा दुकान यांत काम करणाऱ्यांनीही वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे, फक्त आपल्या पाल्याचा वर्ग सोडून दुसरा वर्ग घ्यावा. प्रत्येक मुलाच्या पाचही कप्प्यांची वेगळी नोंद होईल आणि ती फक्त मुलाला आणि पालकांना दाखवली जाईल. गुणपत्रिकेत ती येणार नाही. किती मुलांना इंग्रजीचा वर्ग हवा आणि किती मुलांना दुसरेच काही हवे, याचा आकडा आम्ही विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत ठेवू. बाहेरच्या संस्थेचा प्रस्ताव तोपर्यंत कार्यालयात ठेवलेला आहे. तिच्या शुल्काचा तपशील कुणालाही मागून पाहता येईल.